लाकडी कॅबिनेट घरी बनवताना: आधी हवा, मग लाकूड

कॉम्प्युटरचं लाकडी कॅबिनेट करायला घेणारा माणूस सहसा लाकडाच्याच विचाराने सुरुवात करतो. सागवान घ्यावं की प्लाय, पॉलिश कोणतं मारावं, कडा गोल ठेवाव्यात की चौकोनी. हे सगळे प्रश्न खरे आहेत, पण ते शेवटी येतात. सगळ्यात आधी हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार हे ठरवावं. मग मदरबोर्डला (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डाला) धरणारी धातूची चौकट, मग अर्थिंग. लाकडाने या तिन्हींभोवती नीट बसायचं असतं. या क्रमाने गेलं की पहिल्याच प्रयत्नात वापरण्याजोगं कॅबिनेट उभं राहतं, आणि त्यासाठी सुतारकामात मुरलेला हात लागत नाही.

लाकूड आणि कॉम्प्युटर यांचं नातं काही नवं नाही. १९७६ साली आलेला ॲपल-१ हा विकला जायचा तोच मुळी उघड्या बोर्डाच्या रूपात. पेटी, कीबोर्ड, पॉवर सप्लाय ज्याचं त्याने बघायचं. घेणाऱ्यांपैकी काहींनी घरच्या घरी लाकडी पेट्या केल्या, आणि अशी एक पेटी आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. पुढे पत्र्याचे डबे स्वस्त झाले आणि लाकूड मागे पडलं. आता मोठ्या कंपन्यासुद्धा पुढच्या बाजूला अक्रोडाच्या पट्ट्या लावून कॅबिनेट विकतात. मग आपल्या हाताने, आपल्या टेबलाच्या मापाचं का करू नये?

इथे मी मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड धरून चाललो आहे. त्याचं माप २४४ × २४४ मिमी. आपल्याकडे बेताच्या बजेटमध्ये जे बोर्ड मिळतात त्यांतले बहुतेक याच प्रकारचे असतात. मिनी-आयटीएक्स (१७० × १७० मिमी) दिसायला गोड असतो, पण महाग पडतो आणि आत हात घालायला जागा उरत नाही. पहिल्या कामाला तो घेऊ नका.

भंगारातला सांगाडा

या कामातला सगळ्यात किचकट भाग लाकडाचा नाहीच. तो आहे मागची बाजू. मदरबोर्डच्या पोर्टभोवती बसणारी आयओ पट्टी साधारण १ मिमी जाडीच्या पत्र्यात खटकन अडकेल अशी बनवलेली असते. बारा मिमीच्या प्लायमध्ये ती अडकत नाही. ग्राफिक्स कार्डाची पट्टी स्क्रूने धरायला पत्र्याची दुमडलेली कड लागते, आणि दोन स्लॉटमधलं अंतर नेमकं २०.३२ मिमी असावं लागतं. मदरबोर्डखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्डला पत्र्यापासून वर धरणारे छोटे खुंट, सगळे एका पातळीत हवेत. हे सगळं लाकडात कोरून काढता येतं, पण नवख्या माणसाने त्यात पडू नये.

त्याऐवजी एक जुनं पत्र्याचं कॅबिनेट मिळवा. भंगारवाल्याकडे, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, पुण्यातल्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास अशी कॅबिनेट पडलेली असतात. बाहेरून गंजलेलं, चेपलेलं असलं तरी चालेल. आपल्याला त्यातला फक्त सांगाडा हवा आहे: मागचा पत्रा आणि त्याला काटकोनात जोडलेला, मदरबोर्ड बसतो तो पत्रा.

घेताना एक गोष्ट नक्की बघा. मागच्या पत्र्यात पोर्टसाठी सुमारे १५९ × ४४.५ मिमीचा एक सरळ आयताकृती चौकोन असला पाहिजे. ऑफिसातल्या तयार ब्रँडेड मशीनच्या काही कॅबिनेटमध्ये यूएसबी, ऑडिओ वगैरेंची भोकं थेट पत्र्यातच पाडलेली असतात. ती त्याच एका बोर्डला बसतात, तुमच्या बोर्डला नाही. अशी पेटी फुकट मिळाली तरी सोडून द्या. पॉवर सप्लायची जागाही मोजा: नेहमीचा एटीएक्स सप्लाय १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच असतो, लांबी १४० मिमीपासून पुढे.

जुन्या कॅबिनेटचे भाग एकमेकांना रिव्हेटने जोडलेले असतात. रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध ४ मिमीचं ड्रिल बिट धरून हळू दाब दिला की डोकं निघून येतं आणि पत्रा सुटतो. समोरचा पत्रा, वरचा पत्रा आणि ड्राइव्हचा पिंजरा काढून टाका. मागचा पत्रा आणि मदरबोर्डचा पत्रा यांचा जोड मात्र अजिबात हलवू नका, कारण त्यांच्यातला काटकोन कारखान्यात बसलेला आहे आणि तीच आपली खरी कमाई आहे. पॉवर सप्लायला खालून आधार देणारी पट्टी असेल तर तीही राहू द्या. कापलेल्या कडा कानशीने घासून घ्या आणि हे सगळं करताना हातमोजे घाला. पत्र्याची कड सुरीसारखी लागते.

सांगाडा साबणाने धुवा, वाळवा, गंज घासून काढा. रंग द्यायचा असेल तर आत्ताच द्या. फक्त स्टँडऑफ आणि पॉवर सप्लाय जिथे पत्र्याला टेकतात तिथे रंग लावू नका. कारण पुढे अर्थिंगच्या भागात येतं.

मापं

प्रत्येक सांगाडा वेगळा, त्यामुळे तुमची मापं तुम्हालाच काढावी लागतील. पद्धत दाखवायला एक उदाहरण घेतो. समजा सांगाडा मागून १८० मिमी रुंद आणि ३६० मिमी उंच आहे. लाकडी पेटीचं आतलं माप प्रत्येक दिशेला ४ मिमी जास्त धरा: १८४ × ३६४. उरलेल्या फटीत नमद्याच्या किंवा रबराच्या पातळ पट्ट्या बसतात, म्हणजे पंख्याची थरथर लाकडात उतरत नाही. आतली खोली ३८० मिमी ठेवा. त्यात २४४ मिमीचा बोर्ड, समोर २५ मिमी जाडीचा पंखा आणि मध्ये वायरी वळवायला व एसएसडी (न फिरणारी डिस्क) बसवायला ऐसपैस जागा राहते.

प्लायची जाडी १२ मिमी धरली तर तुकडे असे निघतात:

– वरची आणि खालची फळी: प्रत्येकी १८४ × ३८० मिमी
– समोरची फळी: १८४ × ३८८ मिमी
– डावी आणि उजवी बाजू: प्रत्येकी ३९२ × ३८८ मिमी

समोरची फळी वरच्या-खालच्या फळ्यांच्या टोकांवर येऊन बसते, आणि दोन्ही बाजू या सगळ्यांना बाहेरून झाकतात. मागे लाकूड नाहीच, तिथे सांगाड्याचा पत्रा. बाहेरचं माप होतं २०८ × ३८८ × ३९२ मिमी. हे सगळे तुकडे २ × ४ फुटांच्या प्लायच्या एका तुकड्यात बसतात. म्हणजे ८ × ४ ची अख्खी शीट घ्यायची गरज नाही, दुकानातला उरलेला तुकडा चालतो.

मात्र कापायला देण्याआधी प्लायची खरी जाडी व्हर्नियरने मोजा. बारा मिमी म्हणून विकली जाणारी शीट प्रत्यक्षात अर्धा-पाऊण मिमी कमी भरणं अगदी नेहमीचं आहे. तेवढ्या फरकाने समोरची फळी एका बाजूला बाहेर डोकावते.

सीपीयूच्या कूलरची उंचीही आत्ताच तपासा. १८० मिमी रुंदीतून पत्र्यामागची वायरींची २० मिमी जागा आणि स्टँडऑफ व बोर्ड मिळून ८ मिमी वजा केले की सुमारे १५० मिमी उरतात. प्रोसेसरसोबत येणारा छोटा कूलर त्यात आरामात मावतो. उंच टॉवर कूलर घ्यायचा विचार असेल तर आधी त्याच्या खोक्यावरचं माप वाचा, मग लाकूड कापा.

आता एक जुना पुठ्ठा घ्या आणि याच मापाची पेटी पुठ्ठ्यात करून बघा. सांगाडा आत ठेवा, पॉवर सप्लाय लावा, वायरी ओढून पाहा, डाव्या बाजूने हात घालून रॅमपर्यंत बोटं पोचतात का ते बघा. पॉवर सप्लायची २४ पिनची जाड वायर किती कमी वळते हे कागदावर कधीच कळत नाही. पुठ्ठ्याची ही एक संध्याकाळ टाळू नका. लाकूड कापल्यावर माप वाढवता येत नाही.

प्लाय की सागवान

पहिलं कॅबिनेट प्लायचंच करा, असं माझं स्पष्ट मत आहे. अखंड लाकूड हवेतल्या दमटपणानुसार आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं. रत्नागिरीच्या जुलैत आणि नागपूरच्या मे महिन्यात एकाच फळीची रुंदी सारखी राहत नाही. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात. पेटीच्या एका बाजूला घट्ट पत्रा आणि दुसऱ्या बाजूला लाकूड असताना हे फार कामाचं ठरतं.

दुकानात एमआर म्हणजे साधा कमर्शियल प्लाय, बीडब्ल्यूआर म्हणजे पाण्याला जास्त तग धरणारा आणि बीडब्ल्यूपी म्हणजे त्याहून पक्का असे प्रकार मिळतात. पहिले दोन आयएस ३०३ या मानकाखाली येतात, आणि बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन प्लाय आयएस ७१० खाली. शीटवर शिक्का असतो, तो वाचा. कोरड्या भागात चांगला एमआर पुरतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत बीडब्ल्यूआर घ्या. तुकडा आडवा धरून कड बघा: थरांमध्ये पोकळी किंवा भरलेली लांबी (पुटी) दिसली तर दुसरा तुकडा मागा, कारण स्क्रू नेमका त्या पोकळीत जाईल. एमडीएफ कापायला सोपा, पण कडेला स्क्रू धरत नाही आणि पाणी लागलं की फुगतो. मी तो या कामाला वापरणार नाही.

सागवानाचा जीव असेल, आणि विदर्भातल्या माणसाला तो असणारच, तर प्लायवर सागाचं विनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावा आणि कडांना सागाची पट्टी मारा. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग नावाजलेला आहे तो त्याच्या रेषांसाठी आणि टिकाऊपणासाठी, आणि रेषा विनिअरमध्येही तितक्याच सुरेख दिसतात. अखंड सागच वापरायचा झाला तर तो मुरलेला घ्या, तुमच्या घरात दोन-तीन आठवडे पडू द्या आणि मगच कापा. साग तेलकट असतो. जिथे फेविकॉल लावायचा आहे ती जागा आधी थिनरच्या फडक्याने पुसली नाही तर जोड कच्चा राहतो.

कापणी आणि जोडणी

घरी फक्त हातकरवत असेल तर मोठे सरळ काप दुकानातून किंवा मिस्त्रींकडून करून घ्या. टेबल सॉवर (टेबलात बसवलेल्या यांत्रिक करवतीवर) पाच मिनिटांचं काम असतं आणि काप गुण्यात, म्हणजे काटकोनात येतो. कागदावर मापं मिलिमीटरमध्ये लिहा आणि तसं तोंडीही सांगा. आपल्याकडचे कारागीर अजून इंच आणि सूत यांत विचार करतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिमीच्या आत-बाहेर. पेटी-कपाटाला तेवढी अचूकता पुरते, पण इथे एका सुताच्या फरकाने सांगाडा आतच जाणार नाही. करवतीचं पातं सुमारे ३ मिमी लाकूड खातं, ते आखणीत धरा. दोन्ही बाजू एकाच गाइडवर, गाइड न हलवता, पाठोपाठ कापायला सांगा. दोन तुकडे तंतोतंत सारखे असणं हे एखादा मिमी मोठे-लहान असण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

तुकडे घरी आल्यावर प्रत्येकावर पेन्सिलीने लिहा: वर, खाली, समोर, आतली बाजू, बाहेरची बाजू. विनिअर असेल तर रेषा कुठल्या दिशेला जातात तोही बाण काढा.

जोडणी करण्याआधीच समोरच्या फळीतली भोकं पाडून घ्या. सुटी फळी टेबलावर सपाट धरता येते, जोडलेली पेटी धरता येत नाही. १२० मिमीच्या पंख्याची स्क्रूची भोकं १०५ मिमी अंतरावर चौकोनात असतात, ८० मिमीच्या पंख्याची ७१.५ मिमीवर आणि ९२ मिमीच्या पंख्याची ८२.५ मिमीवर. फळीच्या रुंदीच्या मध्यावर, खालच्या कडेपासून साधारण १२० मिमी वर केंद्र धरा आणि ११५ मिमी व्यासाचं वर्तुळ काढा. आत एक भोक पाडून जिगसॉचं पातं घाला आणि रेषेच्या किंचित आतून कापत जा. उरलेलं कानशीने आणि पॉलिश पेपरने रेषेपर्यंत आणा. प्लायच्या ज्या बाजूने पातं बाहेर येतं तिथे कपच्या उडतात. रेषेवर कागदी चिकटपट्टी लावून कापलं की त्या बऱ्याच कमी होतात.

पंख्यासोबत मिळणारे जाड आखूड स्क्रू बारा मिमीच्या लाकडातून पंख्यापर्यंत पोचत नाहीत. एम४ मापाचे ४५ मिमी लांबीचे बोल्ट आणि नट घ्या. २५ मिमी पंखा आणि १२ मिमी प्लाय धरून ते बरोबर बसतात.

पॉवर बटणासाठी १६ मिमीचं धातूचं पुश बटण मिळतं. ते दाबून सोडल्यावर परत येणारं असावं, दाबलेलं राहणारं नको. अशा बटणांचे आटे बहुधा बारा मिमी जाडीला कमी पडतात. म्हणून फळीच्या मागच्या बाजूने मोठ्या सपाट बिटने ६-७ मिमी खोल खड्डा करा आणि मग मधून १६ मिमीचं भोक आरपार काढा. क्रम उलटा केला तर मोठ्या बिटला केंद्र धरायला जागा उरत नाही.

आता जोडणी. वरची फळी, खालची फळी आणि समोरची फळी एवढ्यांनाच फेविकॉल लावायचा. आतल्या दोन कोपऱ्यांत, समोरच्या फळीलगत, १८ × १८ मिमीच्या लाकडी पट्ट्या चिकटवा. म्हणजे स्क्रू प्लायच्या कडेत न जाता पट्टीच्या अंगात जातात आणि थर फाटत नाहीत. क्लॅम्प लावा, गुण्या धरून काटकोन तपासा आणि दोन्ही कर्णांची लांबी मोजा. ती सारखी आली की पेटी गुण्यात आहे. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने लगेच पुसा. वाळलेल्या फेविकॉलवर पॉलिश धरत नाही आणि तिथे कायमचा फिकट डाग राहतो. रात्रभर क्लॅम्प काढू नका.

उजवी बाजू चिकटवायची नाही, फक्त स्क्रूने लावायची. मदरबोर्डच्या पत्र्यामागच्या वायरींपर्यंत पोचायचा तोच एक रस्ता आहे. ६ नंबरचे ३० मिमीचे स्क्रू, आणि प्रत्येकाला आधी २ मिमीचं भोक. भोक न पाडता प्लायच्या कडेत स्क्रू घुसवला की थर उघडतात. डावी बाजू रोज उघडता यावी अशी हवी. चार कोपऱ्यांत १० मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची निओडिमियम चुंबकं खड्ड्यात अॅराल्डाइटने बसवा आणि समोर पातळ लोखंडी चकत्या. एसएसडीला त्याने काही होत नाही. जुनी फिरणारी हार्ड डिस्क वापरत असाल तर तिला चुंबकांपासून दूर ठेवा.

सांगाडा मागून सरकवा. नमद्याच्या पट्ट्या आधी चिकटवलेल्या असू द्या, फक्त स्क्रूच्या जागा मोकळ्या ठेवा. पत्र्याच्या दुमडलेल्या कडांना ३ मिमीची भोकं पाडून वर आणि खाली १० मिमी लांबीचे चपट्या डोक्याचे स्क्रू मारा. यापेक्षा लांब स्क्रू नको, बाहेरच्या पृष्ठभागावर फोड उठतो.

पॉवर सप्लायचं वजन दोन किलोच्या आसपास असतं. मूळ कॅबिनेटमध्ये त्याला चारी बाजूंचा पत्रा सांभाळत होता, आता नुसता मागचा पत्रा उरला आहे. आधाराची मूळ पट्टी नसेल तर ॲल्युमिनियमची यू आकाराची पट्टी वरच्या फळीला टांगून सप्लायच्या पुढच्या टोकाखाली घ्या. त्याचा खालचा पंखा मात्र झाकू नका.

हवा

लाकूड उष्णतेचं वाहक नाही आणि पत्रा आहे, त्यामुळे लाकडी पेटी तापेल, ही भीती सगळ्यांनाच असते. तिच्यात तथ्य आहे, पण समजतात तेवढं नाही. पत्र्याच्या कॅबिनेटमध्येसुद्धा बहुतांश उष्णता भिंतींतून नाही, तर पंख्याने ढकललेल्या हवेतून बाहेर जाते. म्हणून भिंत कशाची आहे यापेक्षा हवेचा रस्ता किती मोकळा आहे याला किंमत.

हिशोब साधा आहे. मशीन १५० वॉट ओढत असेल आणि आतून मिनिटाला ३० घनफूट हवा वाहत असेल, तर बाहेर जाणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा साधारण ९ अंश सेल्सियसने गरम असते. प्रवाह निम्मा झाला की हाच फरक १८ अंश होतो. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा ही दुप्पट परवडत नाही. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांना पोचला की स्वतःचा वेग कमी करतो. लाकूड पेट घ्यायला लागणारं तापमान यापेक्षा खूप वर, अडीचशे अंशांच्या पुढे आहे, तेव्हा प्रोसेसरच्या गरमीने पेटी जळेल ही चिंता नको. खरा धोका खराब पॉवर सप्लायचा. तो नामांकित कंपनीचा, नवा घ्या, त्याचा पत्र्याचा डबा कधीही उघडू नका आणि तो लाकडाला चिकटून बसवू नका. चारी बाजूंनी थोडी फट ठेवा.

समोर खाली १२० मिमीचा पंखा हवा आत घेतो. मागे सांगाड्यावर जो ८० किंवा ९२ मिमीचा पंखा बसेल तो, आणि वरचा पॉवर सप्लाय, हवा बाहेर टाकतात. गार हवा खालून येते, गरम हवा वरून जाते. पुढचा पंखा मोठा असल्याने आत किंचित दाब राहतो आणि फटींतून धूळ ओढली जात नाही.

इथे दिसण्याचा मोह आवरायला लागतो. ११५ मिमीच्या गोल भोकाचं क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस सेंटीमीटर. त्याऐवजी ८ मिमी रुंद आणि १२० मिमी लांब अशा फटी कापायच्या ठरवल्या तर एका फटीचं क्षेत्रफळ ९.६ चौरस सेंटीमीटर, म्हणजे अकरा फटी हव्यात. पाच-सहा नाजूक फटी सुंदर दिसतात आणि पंख्याचा गळा दाबतात. माझा सल्ला: गोल भोक पूर्ण ठेवा आणि त्याच्या समोर १५ मिमी अंतर सोडून सागाच्या उभ्या पट्ट्यांची एक जाळी लावा. समोरून लाकूड दिसतं, आणि हवा पट्ट्यांमधून व बाजूंनीही येते. जाळीच्या मागे मच्छरदाणीची नायलॉन जाळी चौकटीत ताणून बसवा. ती सहज निघायला हवी, नाहीतर कोणी धूत नाही. खाली १५-२० मिमी उंचीचे रबरी पाय लावायला विसरू नका.

अर्थिंग

पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये हे आपोआप होतं, लाकडात करून घ्यावं लागतं. पॉवर सप्लायचा डबा तिसऱ्या पिनमधून घराच्या अर्थिंगला जोडलेला असतो. तो डबा चार स्क्रूंनी सांगाड्याला लागला, आणि सांगाडा पितळी स्टँडऑफमधून मदरबोर्डला लागला, की साखळी पूर्ण. मघाशी त्या जागांवर रंग नको म्हटलं ते यासाठीच.

पूर्ण झाल्यावर प्लग भिंतीतून काढून ठेवा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा. एक टोक प्लगच्या मोठ्या लांब पिनला, दुसरं सांगाड्याच्या उघड्या पत्र्याला. बीप वाजला पाहिजे. पॉवर बटण धातूचं असेल तर त्याच्या अंगापासून सांगाड्यापर्यंत एक वायर घ्या. भिंतीतल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक असतं पण मागे वायर नसते.

पत्रा रेडिओ लहरीही अडवतो, लाकूड अडवत नाही. जवळ रेडिओ ऐकत असाल तर खरखर वाढू शकते. तसं झालं तर बाजूंच्या आतून ॲल्युमिनियमची बारीक जाळी लावा आणि ती सांगाड्याला वायरने जोडा. नुसता स्वयंपाकघरातला फॉइल चिकटवू नका, तो सुटला तर थेट बोर्डवर पडतो.

पॉलिश

कोणताही इलेक्ट्रॉनिक भाग आत जाण्याआधी पॉलिश पूर्ण झालं पाहिजे. सांगाडा काढा, बटण काढा. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून १८०, २४०, ३२० असं रेषेच्या दिशेनेच घासा. विनिअर असेल तर १८० पासूनच सुरू करा, वरचा थर फार पातळ असतो. मग सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या अस्तराचे) दोन हात, प्रत्येकानंतर हलकं घासणं, आणि वर मॅट मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. पावसाळ्यात लॅकरवर पांढरट झाक येते, म्हणून कोरडा दिवस बघा.

आतल्या बाजूलाही तेवढेच हात द्या. एकच बाजू बंद केली तर दुसरी बाजू दमट हवा पीत राहते आणि फळी वाकते.

जवसाच्या तेलाचं फिनिश हाताला फार छान लागतं. पण तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी राहू द्या.

भाग बसवणं आणि पहिली चाचणी

सांगाडा परत लावण्याआधी त्यातला लोखंडाचा कीस ब्रशने आणि चुंबकाने गोळा करा. लाकडाच्या भुशाने फक्त धूळ होते, लोखंडाच्या कणाने शॉर्ट होतो. मदरबोर्डला जिथे भोक आहे तिथेच स्टँडऑफ ठेवा, बाकीचे काढा. आधी आयओ पट्टी, मग बोर्ड. हा क्रम हमखास विसरला जातो.

बटणाच्या दोन वायरी मदरबोर्डच्या समोरच्या पॅनेलच्या पिनांवर जातात. बहुतेक बोर्डांवर ६ आणि ८ या पॉवर बटणाच्या, २ आणि ४ पॉवर दिव्याच्या असतात, पण तुमच्या बोर्डचं मॅन्युअल बघूनच लावा. बटणाला उलट-सुलट नसतं, दिव्याला असतं.

चालू झाल्यावर डावी बाजू उघडी ठेवून अर्धा तास मशीनवर जोर टाका आणि तापमान लिहून ठेवा. तापमान बघायला विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. मग बाजू लावून, त्याच खोलीत, तेवढाच वेळ पुन्हा. दोन आकड्यांत पाच-सहा अंशांपेक्षा जास्त फरक आला तर हवेचा रस्ता अपुरा आहे. आधी जाळी काढून बघा, मग समोरच्या पट्ट्या विरळ करा. तरीही फरक राहिला तर समोर दुसरा पंखा लावा, त्यासाठी वर जागा आहेच.

पुढे नायलॉनची जाळी महिन्यातून एकदा धुवा. पहिल्या पावसाळ्यात एकदा डावी बाजू काढून कडा हाताने चाचपा. कुठे घासत असेल तर तिथे थोडं पॉलिश पेपर फिरवा आणि उघड्या पडलेल्या लाकडाला लगेच सीलरचा हात द्या.